कुणी खाल्लं

तीस वर्षं मी तिकिटांना भोकं पाडली.
निपाणी-चिकोडी, निपाणी-संकेश्वर,
गर्दी असली की न बघताच.
म्हणून स्लॅबवरच्या मुळ्याच्या पानावर
बारीक, गोल, एकसारखी भोकं दिसली तेव्हा
हात आधी खिशाकडं गेला.
पंच तर कधीच डेपोत जमा केलेला.

"काळा भुंगा," भिंतीपलीकडनं रत्नाक्का म्हणाल्या,
"मोहरीएवढा. बोट नेलंस की उडी मारतोय बघ."
बोट नेलं.
मारली उडी.

तेव्हापासून रोज सकाळी एक पान तोडायचं,
डब्याच्या झाकणात ठेवून भिंतीवरनं पुढं करायचं.
रत्नाक्का पान आधी उलटं करतात.
"वरनं सगळीच हिरवी दिसत्यात."

लाल माठाच्या पाठीवर पांढरे फोड:
बुरशी. दाटी झालीय, निम्मा उपट.
पोकळ्याची कड खाल्लेली, डब्यावर वाळलेली चंदेरी रेघ:
गोगलगाय. रातचं येतीय, दिवसा विटेखाली.
मेथीचे शेंडे चुरमडलेले, देठावर मुंग्यांची ये-जा:
मावा. मुंग्या त्याच्या मागनं आल्यात, त्यांना काय बोलू नगंस.
पालकाची कड करपलेली.
झाकण तसंच परत आलं.
"हे कुणी खाल्लेलं न्हाई.
तुझंच बोअरचं खारं पाणी."

चुक्याची खालची पानं पिवळी पडली,
तेव्हा मी मुळापर्यंत उकरून किडा शोधला.
त्या हसल्या. माहेर हुक्केरीचं,
हसल्या की कानडीत जातात:
"हुळा अल्ल, हसिवु."
किडा नाही रे, भूक.
शेणखताचं पोतं आणायला त्या दिवशी
मी माझ्याच जुन्या गाडीनं गेलो, तिकीट काढून.
आता ते मशीनमधनं येतं, गुळगुळीत, बिनभोकाचं.

औषध मात्र त्या सांगत नाहीत.
"कुणी खाल्लं ते सांगते.
म्होरचं मला इचारू नगंस."
आषाढातली चतुर्दशी झाली,
त्यांनी चार महिन्यांसाठी पालेभाजी सोडली.
पान बघायचं सोडलं नाही.

औषध समोरच्या हसीनाबीनं दिलं.
चाळणीखालची तंबाखूची धूळ, ओंजळभर,
रात्रभर भिजव, गाळ, साबणाचं थोडं पाणी घाल.
"मारल्यावर आठ दिस भाजी खाऊ नगंस,
आन् वाऱ्याकडं तोंड करू नगंस."
पुढं खोकला आला तिला, बराच वेळ.
खोकून झाल्यावर म्हणाली,
"माव्याला एका रातीत पुरतंय.
मला चाळीस वर्सं लागाल्यात."
आणि सुपातल्या पानावर पुन्हा कात्री चालवायला लागली.

मी बादली भरून जिन्यात ठेवली.
वास घरभर. बायकोनं खिडक्या उघडल्या, काही बोलली नाही.

सकाळी पालकावर एक नवीनच रेघ.
पांढरी, वाकडीतिकडी,
सुरुवातीला केसासारखी, पुढं पुढं रुंद.
मी पान उन्हात धरलं.
पानाला दोन कातडी असतात हे मला माहीत नव्हतं.
त्यांच्यामधे, रेघेच्या रुंद टोकाला,
ती बसली होती. पिवळसर, तिळाएवढी,
तोंड चालू.

तीस वर्षांत मी किती विनातिकीट पकडले.
दंड घेतला, काहींना तवंदी घाटात उतरवलं,
एका पोराला उतरवलं नाही, ते अजून आठवतं.
हिला कुठं उतरवू?
पानाबाहेर हिला स्टॉपच नाही.

चिमटी तयार होती. बादलीही.
मी पान देठापासून तोडलं,
झाकणात ठेवलं, भिंतीवर ठेवलं.

रत्नाक्कांनी पान उलटं केलं,
उन्हात धरलं,
कुणी खाल्लं ते या वेळी सांगितलं नाही.
झाकण तेवढं
उचलून सावलीला सरकवलं.